कानस झिजलीय का ते बघा

(वाचकांचे प्रश्न : आयटीआय, ॲप्रेंटिसशिप आणि कौशल्याचे आकडे)

‘दहावीनंतर हाताला काम’ या विषयावर संपादकांनी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे आला, कारण १९८७ ते २०१८ अशी ३१ वर्षं मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, आधी निदेशक म्हणून आणि शेवटची सहा वर्षं गटनिदेशक म्हणून. माझ्या डाव्या हाताचा अंगठा उजव्यापेक्षा जरा चपटा आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी छिन्नी कशी धरायची ते पोरांना दाखवताना हातोडा तिच्यावर न बसता अंगठ्यावर बसला, त्याची ती खूण. पाच पत्रं निवडलीत. बाकीच्यांनी रागावू नये, त्यांचेही प्रश्न फिरून फिरून हेच आहेत.

प्रश्न : मुलाला दहावीला ७१ टक्के पडले. त्याला आयटीआयलाच जायचंय, फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन. घरातले म्हणतात, एवढे मार्क असताना तिकडे कशाला, ती ढ पोरांची शाळा, पॉलिटेक्निकला घाला. आयटीआयमध्ये दोन वर्षं नेमकं करतात तरी काय? आमच्या जवळ दोन आहेत, एक सरकारी, एक खाजगी. कोणती बरी हे आम्ही अडाण्यांनी ओळखायचं कसं?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, ‘ढ पोरांची शाळा’ हे मी नोकरीभर ऐकलं. म्हणणारे बहुतेक असे, की घरात नळाचा वॉशर बदलायचा तरी माणूस बोलवावा लागतो.

फिटरच्या पोराला पहिल्या काही महिन्यांत काय करायला लावतात ते सांगतो. त्याच्या हातात पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा देतात आणि एक कानस. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासत राहायचं, सगळ्या बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात येईपर्यंत. तपासायला ट्राय स्क्वेअर, म्हणजे सुताराकडे असतो तो गुण्या. तो जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, लावून खिडकीकडे धरायचा. फटीतून जिथे उजेड दिसेल तिथे खड्डा आहे. मग पुन्हा घासा. आठवड्यात हाताला फोड येतात, पंधरवड्यात पोरगं घरी सांगतं की सर काही शिकवत नाहीत, नुसतं घासायला लावतात. पालक तावातावाने भेटायला यायचे. मी त्यांच्याही हातात कानस द्यायचो. दोन मिनिटांत त्यांचा तुकडा पालखीच्या दांड्यासारखा मधे फुगीर व्हायचा, आणि मग चहा पिऊन ते निघायचे.

हात स्थिर झाला की ड्रिलिंग, टॅपिंग, एकात एक अचूक बसणारे नर-मादी जोड, आणि लेथची, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राची, ओळख. दुसऱ्या वर्षी न्यूमॅटिक्स, हायड्रॉलिक्स (हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा), मशिनची देखभाल. २०२२ मध्ये सुधारलेल्या आराखड्यात वर्षाला १२०० तास आहेत. पहिल्या वर्षी त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० ट्रेड थिअरीचे आणि १२० एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे, म्हणजे बोलणं-चालणं, अर्ज, संगणक वगैरे. शिवाय १५० तास कारखान्यात प्रत्यक्ष काम किंवा गटाने प्रकल्प. मी निवृत्त झालो त्या सुमाराला वर्षाचे १६०० तास धरले जात. तास कमी केले ते बरं झालं की वाईट, यावर आम्हा जुन्या निदेशकांची चहाच्या टपरीवर रोज भांडणं होतात. माझं मत वाईट. कानशीला शॉर्टकट नाही.

हा कारभार कोणाचा, हेही एकदा कळू दे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, सैन्यातून परत येणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी केंद्रात एक महासंचालनालय उभं राहिलं. पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. त्यांना हुन्नर शिकवता शिकवता १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तीच आजची आयटीआय. १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे आला. म्हणून आजही गंमत अशी, की शासकीय आयटीआयची इमारत राज्याची, निदेशकाचा पगार राज्याचा, अभ्यासक्रम दिल्लीचा, पुस्तक चेन्नईच्या ‘निमी’चं आणि प्रमाणपत्र परत दिल्लीचं. आधी हे खातं श्रम मंत्रालयात होतं, २०१५ पासून कौशल्य विकास मंत्रालयात. देशात १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जास्त खाजगी. महाराष्ट्रात शासकीयच चारशेच्या वर आहेत.

आता निवड. जाहिरातपत्रक घरी ठेवा. प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, सत्र सुरू असताना एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला जा. फिटर शॉपमध्ये शिरल्यावर कानशी बघा. दाते झिजलेले, मुठी घामाने काळ्या पडलेल्या असतील तर तिथे काम होतं. कानशी नव्या कोऱ्या, ओळीने मांडलेल्या असतील तर त्या तपासणीसाठी मांडल्यात. भंगाराची पेटी बघा. ती रिकामी असेल तर पोरांनी बिघडवायलाही काही हातात घेतलेलं नाही. वेल्डिंग शॉप असेल तर विचारा, या महिन्यात इलेक्ट्रोडचे किती पुडे संपले. स्टोअरवाला पटकन उत्तर देईल तर शुभशकुन. मी एकदा बाह्य परीक्षक म्हणून एका खाजगी संस्थेत गेलो, तिथल्या लेथच्या हॅंडलवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. पोरं दुसऱ्या वर्षाची होती.

आणखी दोन प्रश्न तिथे विचारा. पहिला : मुलगा ज्या ट्रेडला बसणार, त्याच ट्रेडच्या त्याच तुकडीला मान्यता आहे ना? कारण मान्यता ट्रेडनिहाय, तुकडीनिहाय असते, नुसत्या संस्थेच्या पाटीला नसते. दुसरा : निदेशकाने सीआयटीएस केलंय का? हा शिकवायला शिकवणारा वर्षाचा कोर्स. मी मुंबईत चुनाभट्टीला केला, तेव्हा त्या संस्थेला एटीआय म्हणत, आता एनएसटीआय. उत्तम कारागीर असणं आणि तो हात दुसऱ्याच्या हातात उतरवता येणं यांत फरक आहे, तो तिथे कळला.

पॉलिटेक्निक की आयटीआय? मुलगा गणितं सोडवताना खुलत असेल तर पॉलिटेक्निक. घरातला पंखा उघडून बसत असेल तर त्याचं ऐका. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे, माझी कितीतरी मुलं त्या वाटेने गेली. दार काही बंद होत नाही.

प्रश्न : मी २० वर्षांची, इलेक्ट्रिशियन ट्रेड पास. एका कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून ११ महिने झाले. आता म्हणतात, चार दिवस घरी बसा, नवीन कागद करून पुन्हा ११ महिने घेऊ. हीच ॲप्रेंटिसशिप का? माझ्याबरोबरच्या मुलीला कमी पैसे मिळतात, पण ती म्हणते तिची ‘खरी’ आहे.
— एक वाचक, शिरवळ

उत्तर : तुझी मैत्रीण बरोबर बोलतेय, बाळ.

गळ्यात ‘ट्रेनी’चं कार्ड घातलं म्हणून कोणी कायद्याने शिकाऊ उमेदवार, म्हणजे ॲप्रेंटिस, होत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याखाली कारखाना आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला मर्जीवर. म्हणजे तुला घेऊन कारखाना उपकार करत नाही. उलट सरकार त्यांचा भार हलका करतं : २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्राने सोसायचा असं ठरलं.

विद्यावेतनाचा किमान दर २०१९ च्या नियमांत आयटीआय पास उमेदवाराला महिना ७००० रुपये होता. दुसऱ्या वर्षी त्यावर दहा टक्के, तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. तुझ्या पगारापेक्षा हे कमी दिसेल, पण शेवटी काय हाती पडतं ते बघ. शिकाऊ उमेदवारी संपली की अखिल भारतीय परीक्षा होते आणि त्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयचं एक आणि हे दुसरं, अशी दोन असली की सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत तुझा अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात पडतो. तुझ्या ११ महिन्यांचा मात्र नुसता ‘अनुभव दाखला’, आणि तो द्यायचा की नाही हेसुद्धा त्यांच्या मनावर.

कायद्याची कडू बाजूही ऐक. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असं कायदाच म्हणतो. मुदत संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधलेला नाही. पण कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांबाबतचं कायद्याचं संरक्षण शिकाऊ उमेदवाराला आहे. काम करताना इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. माझा एक विद्यार्थी असाच नुसता ‘ट्रेनी’ असताना पॉवर प्रेसवर दोन बोटं गमावून बसला. कागदोपत्री तो नेमका कोण होता, हे ठरवण्यातच दोन वर्षं गेली. म्हणून एवढं लिहितोय.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. आधी एचआरमध्ये शांतपणे विचार : माझ्या कराराचा नोंदणी क्रमांक काय? क्रमांक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात जा, मूलभूत प्रशिक्षण केंद्र म्हणतात त्याला. तिथे सहायक शिकाऊ उमेदवार सल्लागार बसतात. टेबलासमोरची खुर्ची मोडकी असते, पण माहिती पक्की मिळते. जाताना दहावीचं आणि ट्रेडचं प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचं पासबुक, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते, विषय व्यवसाय प्रशिक्षण आणि रोजगार. एकीकडे वाचते, देशात जेमतेम दोन-चार टक्क्यांनाच औपचारिक प्रशिक्षण मिळालंय. दुसरीकडे, आयटीआयमधून बाहेर पडलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कामाला लागतात. तिसरीकडे, प्रशिक्षितांमध्ये बेकारी जास्त. यातलं खरं काय धरायचं? तुमच्यासारख्या आतल्या माणसाला काय वाटतं?
— एक संशोधक, पुणे

उत्तर : मॅडम, तिन्ही धरा, पण व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, हातात घ्यायच्या आधी आम्ही पोरांना एक गोष्ट शिकवतो ती करून : शून्य जुळतंय का बघा. म्हणजे आकडा कोणाला विचारून, कोणत्या वयाच्या माणसांबद्दल आणि केव्हा घेतला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६८ व्या फेरीत, २०११-१२ साली, १५ ते ५९ वयाच्या लोकांत औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले २.२ टक्के निघाले आणि अनौपचारिक ८.६ टक्के. २०२२-२३ च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात, १५ ते २९ वयाच्या तरुणांत औपचारिक ४.४ टक्के आणि अनौपचारिक १६.६. लोक लगेच भागाकार करून दुप्पट झालं म्हणतात. अहो, एक मापन मिलिमीटरमध्ये आणि दुसरं इंचात! वयोगटच वेगळे आहेत.

त्याहून महत्त्वाचं, अनौपचारिक म्हणजे काय? त्यात वारसाने आलेलं, स्वतः शिकलेलं, कामावर शिकलेलं आणि इतर असे कप्पे आहेत. दारात आलेल्या माणसाला उत्तर बहुधा घरातला एकच जण देतो. आमच्या थोरल्या भावाकडे असेच एक सर्वेक्षक आले होते, मी तिथे होतो. माझी वहिनी पंचवीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवतेय. अस्तराचा ब्लाउज, कटोरी ब्लाउज, सगळं, मापाची वही न बघता. ‘यांनी काही प्रशिक्षण?’ असं विचारल्यावर भाऊ म्हणाला, ‘नाही हो, घरीच असते.’ पेन पुढच्या रकान्यावर गेलं. मी मधे बोललो म्हणून खोडलं गेलं. मी नसतो तर? त्या ८.६ मधून आणि १६.६ मधून अशा किती वहिनी राहून गेल्या असतील याचा विचार तुमच्या प्रबंधात एका प्रकरणाएवढा तरी यावा असं मला वाटतं.

साठ टक्क्यांहून अधिकचा आकडा मंत्रालयाच्या २०१८ च्या मागोवा अभ्यासातला. आयटीआयमधून बाहेर पडलेल्यांपैकी ६३.५ टक्के कामाला लागले, त्यात स्वतःचा धंदा करणारे ६.७ टक्के. यात मोजलेले लोक वेगळे, आयटीआयच्या दारातून आत जाऊन बाहेर पडलेले. तेव्हा त्याचं आणि २.२ चं भांडण नाही. पण मागोवा घेणं हे काम किती अवघड, ते मला ठाऊक आहे, कारण मी ते एका वहीत केलंय.

१९९४ साली पास झालेली माझी तुकडी १६ जणांची होती. आता फिटरला २० असतात. का कोण जाणे, मी त्यांची एक वही केली : नाव, गाव, शेजारच्या दुकानातला फोन नंबर. सहा महिन्यांनी विचारलं तर सात जण शिकाऊ उमेदवार, दोघं गावातल्या वर्कशॉपमध्ये, पाच जण घरी, दोघांचा पत्ता नाही. तेव्हा कोणी आकडा मागितला असता तर मान खाली घालून सांगावा लागला असता. सात वर्षांनी पुन्हा शोधलं. तिघं कारखान्यात कायम, चौघं कंत्राटी, तिघांचं स्वतःचं फॅब्रिकेशन किंवा गॅरेज, एक सैन्यात, एक दुसऱ्या आयटीआयमध्ये निदेशक (ही माझी फुशारकी), दोघं शेती, एक रिक्षा चालवतो, एकाचा अजून पत्ता नाही. तीच तुकडी, तेच शिक्षण. मोजलं केव्हा, एवढाच फरक.

शेती करणाऱ्या दोघांतल्या एकाकडे मी गेलो होतो, खटाव तालुक्यात. सुगीत गावातली सगळी मळणीयंत्रं आणि वर्षभर सगळे पाणबुडी पंप त्याच्या अंगणात येतात. पैसे क्वचित घेतो, कोणी ज्वारीचं पोतं टाकतो, कोणी बैलजोडी देतो नांगरटीला. तुमच्या प्रश्नावलीत त्याला कुठे टाकाल? ‘ट्रेडशी संबंधित काम : नाही’? सोबत्यांनी त्याला वाया गेलेला म्हटलं होतं.

प्रशिक्षितांमध्ये बेकारी जास्त दिसते, याने दचकू नका. हमालाला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि ‘कामावर’ म्हणून मोजला जातो. ट्रेड पास झालेला पोरगा भरतीची वाट बघत बापाच्या घरी सहा महिने जेवतो, तो ‘काम शोधतोय’ म्हणून मोजला जातो. मात्र सगळं एवढ्यावरच ढकलू नका. कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आली तेव्हा आम्ही बरीच वर्षं पोरांना जुन्या लेथवरच शिकवत होतो, हेही त्यात आहे. मशिन मागितलं की इंडेंटचा कागद ज्या वेगाने फिरतो, त्या वेगाने कानशीसुद्धा झिजत नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळा आहे. आयटीआयमुळे मुलगा कमावता झाला, की कमावता होणाराच मुलगा आयटीआयला आला? नुसत्या गेलेल्या-न गेलेल्यांची तुलना करून हे कळत नाही. एक वाट सुचवतो, फुकट. महाराष्ट्रात प्रवेश गुणवत्तायादीने, ऑनलाइन होतात. एखाद्या ट्रेडला शेवटचा प्रवेश मिळालेला मुलगा आणि एका-दोन गुणांनी हुकलेला मुलगा, हे दोघं तोपर्यंत जवळपास सारखेच असतात. असे चार-पाचशे जोड पाच वर्षांनी शोधून काढा. याद्या मिळवणं चिकाटीचं काम आहे, पण तुम्ही पीएच.डी. करताय.

बाहेरचं थोडं बघून ठेवा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला एनसीव्हीईआर नावाची संस्था आहे. व्यवसाय शिक्षणाचे आकडे गोळा करणं आणि संशोधन करणं हेच तिचं काम. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी ती पुन्हा गाठते. २०१५ पासून तिकडे प्रत्येक विद्यार्थ्याला एकच ओळख क्रमांक असतो. जर्मनीत १९७० पासून व्यवसाय शिक्षणाची बीआयबीबी ही संस्था आहे, आता बॉनला. आपल्याकडे कोलकात्याची सीस्टारी ही संस्था १९६८ पासून या खात्यातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाचं संशोधन करते, निमी पुस्तकं करते, सांख्यिकी मंत्रालय सर्वेक्षण करतं, पोर्टल प्रवेश आणि निकाल ठेवतं. पण या सगळ्यांचे धागे एकत्र वळणारं घर नाही. तोवर माझी वही आहे. बघायची असेल तर संपादकांकडून पत्ता घ्या. वही घरीच बसून बघायची, नेऊ देणार नाही.

प्रश्न : तालुक्याला मोबाइल रिपेअरिंगचा तीन महिन्यांचा कोर्स निघालाय, फी ८००० रुपये. ‘सरकारमान्य’ लिहिलंय. घ्यावा का?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : ‘सरकारमान्य’ हा शब्द महाराष्ट्रात ताडीच्या दुकानावरही असतो. कोणत्या खात्याने काय मान्य केलं ते विचारा. देशात २०१३ पासून कौशल्यांची एक राष्ट्रीय चौकट आहे, एनएसक्यूएफ म्हणतात तिला. प्रत्येक मान्य कोर्सला तिच्यात एक स्तर आणि एक सांकेतिक क्रमांक असतो. नियामक आहे एनसीव्हीईटी, तिची अधिसूचना २०१८ ची, काम सुरू झालं २०२० मध्ये. प्रमाणपत्र देणारी संस्था तिने मान्य केलेली आहे का आणि कोर्सचा क्रमांक काय, हे दोन प्रश्न फी भरायच्या आधी विचारा. काउंटरवरचा मुलगा ‘साहेब आले की सांगतो’ म्हणाला तर चहा पिऊन घरी या. आणि तसं काहीच नसेल, पण शिकवणारा खरा कारागीर असेल, तर ८००० देऊ नका. त्याच्या दुकानात सहा महिने उमेदवारी करायची परवानगी मागा. आपल्या गावांत हीच जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २२ वर्षं लेथवर काम करतो. शाळा सातवी. वडील मोल्डर होते, त्यांच्याबरोबर फौंड्रीत यायचो, तिथून शेजारच्या वर्कशॉपात लेथवर लागलो. नव्या पोरांना मीच शिकवतो. पण नवीन मालक म्हणतो, कागद दाखव. आता ४१ व्या वर्षी मला कागद मिळेल का? की आयटीआयला जाऊन बसू पोरांच्यात?
— एक टर्नर, कोल्हापूर

उत्तर : मिस्त्री, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वर ज्या संशोधक बाईंना मी लिहिलंय, त्यांच्या तक्त्यात ‘कामावर शिकलेले’ असा एक कप्पा आहे ना, त्यात तुम्ही बसता. वडिलांच्या फौंड्रीत राहिला असता तर ‘वारसाने शिकलेले’ झाला असता. तुमच्यासारख्यांच्या जिवावर उद्यमनगर चाललं, हे तिथल्या प्रत्येक मालकाला माहीत आहे, कागद मागणाऱ्यालाही.

आयटीआयला बसायची गरज नाही. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल म्हणून एक सोय आली. म्हणजे आधीच अंगात असलेलं कौशल्य तपासून त्याचं प्रमाणपत्र. थोडे तास ओळखवर्ग, मग मूल्यमापन. हे कुठेही, कधीही मिळतं असं नाही. केंद्रं आणि तुकड्या बदलत असतात, त्यामुळे आधी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा. तुमच्या कामाचा जॉब रोल, म्हणजे लेथ ऑपरेटर किंवा टर्निंगशी जुळणारा, त्या तुकडीत आहे का ते नीट बघून घ्या. एका ओळखीच्या टर्नरला फिटिंगच्या तुकडीत बसवलं होतं. त्याने बिचाऱ्याने दिवसभर कानस मारली आणि संध्याकाळी मला फोन करून शिव्या घातल्या.

हे प्रमाणपत्र आयटीआयच्या दोन वर्षांच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, ही गोष्ट मालकाने उद्या पुढे करू नये म्हणून आधीच सांगतो. पण ‘कागद दाखव’ला कागद होतो. पगाराची बोलणी करताना ते टेबलावर ठेवा आणि त्याच्याशेजारी तुम्ही टर्न केलेला एखादा शाफ्टही ठेवा.

मूल्यमापनात तुमचे हात कुठे चुकणार नाहीत. चुकाल ते ड्रॉइंग वाचण्यात आणि लेखी प्रश्नांत, कारण २२ वर्षं तुम्ही नमुना बघून माल काढलाय. तेव्हा आतापासून रोज रात्री अर्धा तास ज्या पोरांना तुम्ही शिकवता, त्यांतल्या आयटीआयवाल्या एकाला समोर बसवा. टॉलरन्सच्या (माप किती इकडेतिकडे चालेल त्याच्या) खुणा, थ्रेडच्या खुणा, प्लस-मायनस, एवढंच त्याच्याकडून वाचायला शिका. तो लाजेल, तुम्ही लाजू नका. आणि मूल्यमापनाला जाताना जवळचा चष्मा न विसरता घेऊन जा. मायक्रोमीटर तिथला असेल, तुमच्या हातच्या सवयीचा नसेल, तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याचं शून्य तपासून घ्या.